लिंकन आणि दास्यविमोचन

अब्राहाम लिंकन यांचे नाव गुलामांचे कैवारी म्हणून सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांच्या १८६३ च्या जाहीरनाम्याने केवळ बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त ठरले, आणि तेही युद्ध संपल्यावर न्यायालयांत टिकेल किंवा नाही, याची त्यांस धास्ती होती. म्हणून घटनाच बदलण्याचा त्यांनी आग्रह धरिला. १८६४ च्या जूनांत प्रतिनिधिसभेत ठरावास दोन-तृतीयांश मते पडली नाहीत. निवडणूक जिंकल्यावर लिंकन यांनी विरुद्ध पक्षाची मते वळविण्याचा उद्योग आरंभिला. त्यांत सरकारी नोकऱ्यांची आमिषेही दाखविली गेली. आमच्या व्यापारी वाचकांस हा सौदा अपरिचित वाटू नये! आम्ही त्याबद्दल लिंकन यांस दोष देत नाही. ३१ जानेवारी १८६५ रोजी ठराव ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाला. एप्रिलांत लिंकन यांचा खून झाला. घटनादुरुस्ती कायम झाली ती डिसेंबरांत.