मुक्या वस्तूंचे पालक

पुणे शहरात बाजीराव रस्त्यानजीक एक तिमजली संग्रहालय आहे. राजेरजवाड्यांची सिंहासने पाहावयास कोणी तेथे गेला, तर त्याची निराशा होईल. तेथे आहेत समया आणि लामणदिवे, अडकित्ते आणि पानदाने, कुंकवाचे करंडे आणि दौती, तंबोरे, ढाली, तलवारी आणि नक्षीदार दारे. आपल्या पणजोबा-पणजींच्या हातांखालून जाणाऱ्या या वस्तू एका माणसाने आयुष्यभर वेचून एकत्र केल्या. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. परंतु संग्रहालयाच्या पाटीवर त्यांच्या नावाच्या आधी आणखी एक नाव आहे, ते म्हणजे राजा. हा राजा कोणत्याही राज्याचा धनी नव्हता. तो केळकरांचा लहानगा मुलगा होता.

दिनकररावांचा जन्म १८९६ साली झाला. घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता. गिऱ्हाईकाची नजर तपासावी आणि त्यास योग्य भिंग बसवून द्यावे, हे त्यांचे पोटापाण्याचे काम. मन मात्र काव्यात आणि इतिहासात रमलेले असे. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत आणि रसिकांत ते याच नावाने ओळखले जात. इतिहासावर कविता लिहिणाऱ्याला केवळ सनावळ्यांवर समाधान मानवत नाही. त्या काळची माणसे कोणता पेहराव करीत, कोणते शस्त्र बाळगीत, रात्री कोणत्या दिव्याच्या उजेडात बसत, हे त्याला डोळ्यांनी पाहावेसे वाटते. दिनकररावांनाही तसेच वाटू लागले आणि १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला.

तो काळ जुन्या वस्तूंना मोठा कठीण होता. १८१८ साली पेशवाई संपली, तेव्हापासून सरदार-मानकऱ्यांच्या घराण्यांना हळूहळू उतरती कळा लागली होती. वाडे पडू लागले, कोठ्या रिकाम्या होऊ लागल्या. पितळेच्या सुंदर समया वजनावर विकल्या जात आणि भट्टीत वितळून त्यांची नवी भांडी होत. कोरीव तुळया सरपणात जात. तलवारी अडगळीत गंजत पडत. कालपर्यंत देवघरात मानाने उभी असलेली वस्तू आज मोडीच्या ढिगात दिसे आणि त्याचे कोणास दुःखही होत नसे. दिनकररावांना मात्र ते पाहवेना. प्रथम त्यांचे लक्ष शस्त्रांकडे गेले. पुढे घरगुती वस्तूंनीही त्यांना तितकीच भुरळ घातली.

वस्तू जमविणे हे या कामाचे अर्धेच अंग होय. दुसरे आणि अधिक अवघड अंग म्हणजे वस्तू ओळखणे. हाती आलेली तलवार सरळ पात्याची आहे की वक्र, एवढे पाहून भागत नाही. मराठ्यांच्या कित्येक तलवारींची पाती युरोपातून आलेली असत आणि मुठी येथील कारागीर बसवीत. अशा तलवारीस फिरंग म्हणत. पाते एका देशाचे आणि मूठ दुसऱ्या देशाची, हे ज्यास कळले नाही, त्याने ती तलवार पाहिलीच नाही असे म्हणावे लागेल. भांड्यांचेही तसेच. आंदण दिलेल्या भांड्यावर पुष्कळदा नाव कोरलेले असते आणि तेवढ्यावरून त्या भांड्याचे घराणे सापडते. पगडीच्या घडणीवरून ती पुणेरी की शिंदेशाही, हे जाणकार सांगू शकतो.

ही विद्या केवळ पुरातन वस्तूंपुरती आहे असे नाही. आपल्या वायुदलाचेच उदाहरण घ्यावे. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी वायुदलाची स्थापना झाली, तेव्हा देशावर ब्रिटिशांचे राज्य होते. त्यामुळे त्या काळातील गणवेशावरील बिल्ल्यांवर ब्रिटिश राजमुकुट दिसतो. १९५० साली भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. एखाद्या जुन्या पेटीत असा बिल्ला सापडला, तर मुकुट की सिंह एवढे पाहूनही त्याचा काळ सांगता येतो. छातीवर लावावयाच्या चिन्हाला दोन्ही बाजूंस पंख असतील, तर ते वैमानिकाचे. खांद्यावरील पट्ट्यांवरून अधिकाऱ्याचा हुद्दा कळतो. परंतु तो बिल्ला कोणाचा आणि कोठून आला, हे टिपून ठेवले नाही, तर तो केवळ धातूचा तुकडा उरतो. तलवार असो, समई असो की बिल्ला असो, ओळख हरवली की वस्तू मुकी होते. दिनकररावांनी जन्मभर अशा मुक्या वस्तूंना वाचा देण्याचे काम केले.

या कामास पैसा लागे, आणि दिनकरराव काही धनाढ्य नव्हते. हैदराबादचे प्रसिद्ध संग्रहालय ज्यांच्या संग्रहातून उभे राहिले, ते सालारजंग निजामाचे दिवाण होते. त्यांच्या संपत्तीस सीमा नव्हती. इकडे पुण्याच्या दुकानदाराला मात्र प्रत्येक वस्तूपुढे संसाराचा हिशेब मांडावा लागे. अशा वेळी त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची त्यांना मोलाची साथ लाभली. घरात माणसांपेक्षा वस्तूंचीच दाटी होत चालली, तरी त्यांनी तो पसारा आपला मानला.

अशातच या दांपत्यावर वज्राघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालपणीच त्यांना अंतरला. घरातील सर्वांत अमोल ठेवा काळाने हिरावून नेला. जुन्या वस्तूंना नाशातून वाचविणाऱ्या त्या हातांना आपले मूल वाचविता आले नाही. अशा दुःखात माणूस छंद सोडून देतो, कित्येकदा जगण्याची उमेदही सोडून देतो. दिनकररावांनी तसे केले नाही. ज्या मायेने मुलाला वाढवावयाचे, त्या मायेने त्यांनी संग्रह वाढविला आणि त्यास मुलाचे नाव दिले. आजवर तो एका रसिकाचा छंद होता. येथून पुढे तो एका बापाने जपलेली आठवण झाला.

त्यांची भ्रमंती महाराष्ट्रापुरती राहिली नाही. गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडील प्रांत येथील कलाकुसरीच्या वस्तूही संग्रहात आल्या. कोथरूड येथे मस्तानीचा महाल होता. त्याचे अवशेष आणून तो महाल संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आला. १९६० सालापर्यंत वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली आणि १९६२ साली संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. वस्तू जमविताना दिनकररावांची दृष्टी किमतीवर नसे. सोन्याचा दागिना आणि शेवया करण्याचा सोऱ्या, दोहोंना त्यांच्या लेखी सारखाच मान होता. दागिना घडविणाऱ्या हातांत जी कला होती, तीच सोऱ्यावर घोडा किंवा मोर कोरणाऱ्या हातांतही होती. फरक एवढाच, की त्या दुसऱ्या हातांची नोंद कोणत्याही बखरीत झाली नाही.

हा संग्रह विकला असता, तर दिनकररावांच्या घरी लक्ष्मी पाणी भरती. त्यांनी १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. त्या वेळी त्यांचे वय एकोणऐंशी वर्षांचे होते. पन्नासांहून अधिक वर्षे ज्या वस्तू जपल्या, त्या त्यांनी समाजाच्या ओटीत घातल्या. आपले मूल सुखरूप हाती सोपवावे, तसे ते दान होते. पुणे विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट देऊन त्यांचा गौरव केला. १९९० साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांची जीवनयात्रा संपली.

आज त्या संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तूच एका वेळी मांडता येतात. शाळांतील मुले दालनांतून फिरतात आणि एखादा अडकित्ता पाहून आपल्या आजीकडेही असाच आहे, असे एकमेकांना सांगतात. घरी गेल्यावर ती माळ्यावरची पेटी उघडतात आणि हे कोणाचे म्हणून विचारतात. चष्म्याच्या दुकानात दिनकररावांनी अनेकांना जवळचे आणि दूरचे पाहण्याची भिंगे दिली. काळापलीकडचे पाहण्याची दृष्टी मात्र त्यांनी आपल्या संग्रहातून दिली, आणि तिचे मोल कोणाकडूनही घेतले नाही.