टेनिसची सम्राज्ञी : अल्थिया गिब्सन

थोर खेळाडूंची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे आपली दृष्टी प्रथम त्यांच्या विजयांकडे जाते. किती करंडक मिळविले, कोणाकोणाला हरविले, कोणते विक्रम मोडले, यांची मोजदाद आपण कौतुकाने करतो. ही मोजदाद वावगी नाही. परंतु तीत काही गोष्टी सुटून जातात. त्या खेळाडूला मैदानात पाऊल टाकू कोणी दिले, त्याच्या हाती पहिली रॅकेट कोणी ठेवली आणि टाळ्यांचा आवाज विरल्यावर त्याच्या घरची चूल कशावर पेटत होती, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. अमेरिकेची विख्यात टेनिसपटू अल्थिया गिब्सन हिचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत, ते मुख्यतः या प्रश्नांसाठी.

अल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात सिल्व्हर नावाच्या खेड्यात झाला. तिचे आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवीत. पीक बुडाले की वाटाही बुडे, आणि कर्ज तेवढे शिल्लक राही. त्या भागात कृष्णवर्णीयांना शाळा वेगळी, बसमधील जागा वेगळी, पाणी पिण्याचा नळसुद्धा वेगळा असे. १९३० च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत येऊन राहिले.

हार्लेममधील १४३ व्या रस्त्याचा एक भाग पोलिसांची क्रीडासंस्था मुलांच्या खेळासाठी वाहनांना बंद करीत असे. गिब्सन कुटुंबाचे बिऱ्हाड नेमके त्याच ठिकाणी होते. या रस्त्यावर लाकडी फळीने खेळावयाचे ‘पॅडल टेनिस’ अल्थिया शिकली आणि १९३९ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, त्या खेळात न्यूयॉर्क शहराची महिला विजेती ठरली. शाळेत मात्र तिचे मन रमत नसे. दिवसचे दिवस ती शाळा चुकवी आणि वडिलांचा मार खाई. वडिलांनी तिला मुष्टियुद्धाचेही धडे दिले होते. अशी ही उंच, दांडगट, कोणाचे न ऐकणारी मुलगी पुढे वाया जाईल असेच कोणालाही वाटले असते.

परंतु शेजाऱ्यांना तसे वाटले नाही. बडी वॉकर नावाच्या एका वादकाने तिचा खेळ पाहून तिला टेनिसची रॅकेट मिळवून दिली. १९४० साली वस्तीतील लोकांनी आपसांत वर्गणी काढली आणि कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबमध्ये तिच्या शिकवणीची सोय केली. ही माणसे धनवान नव्हती. मंदीचे दिवस भोगून नुकतीच सावरत होती. क्लबातील तिचे गुरू फ्रेड जॉन्सन यांना एकच हात होता. त्या एका हाताने त्यांनी तिला चेंडू मारावयास शिकविले. पुढील वर्षीच कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघटनेने भरविलेली न्यूयॉर्क राज्याची स्पर्धा तिने जिंकली. ही संघटना १९१६ साली स्थापन झाली होती, कारण देशाच्या मुख्य टेनिस संघटनेच्या स्पर्धांत कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळत नसे.

१९४६ साली याच संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत अल्थिया अंतिम सामना हरली. पाहणाऱ्यांत ह्यूबर्ट ईटन आणि वॉल्टर जॉन्सन हे दोन कृष्णवर्णीय डॉक्टर होते. पराभवातही त्यांना तिची योग्यता दिसली. त्यांनी तिच्यापुढे एक योजना मांडली : शाळेचे दिवस तिने विल्मिंग्टन येथे डॉक्टर ईटन यांच्या घरी राहून काढावेत, उन्हाळ्यात लिंचबर्ग येथे डॉक्टर जॉन्सन यांच्याकडे राहून सामने खेळावेत, मात्र सोडलेले शिक्षण तिने पुरे केले पाहिजे. एकोणीस वर्षांची ही मुलगी आपल्याहून लहान मुलामुलींच्या शेजारी बाकावर बसण्यास तयार झाली. आमच्या मते तिच्या आयुष्यातील हा पहिला मोठा विजय होय. त्याचा करंडक मात्र कोणत्याही कपाटात नाही. १९४९ साली ती शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली आणि शिष्यवृत्ती मिळवून फ्लोरिडातील विद्यापीठात गेली. तेथून १९५३ साली तिने पदवी घेतली. दरम्यान १९४७ पासून १९५६ पर्यंत ओळीने दहा वर्षे कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे महिलांचे अजिंक्यपद तिच्याकडेच राहिले.

आता प्रश्न होता तो खऱ्या राष्ट्रीय स्पर्धेचा. न्यूयॉर्कजवळील फॉरेस्ट हिल्स येथे ही स्पर्धा भरे. कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही असा उघड नियम कोठे लिहिलेला नव्हता. परंतु तेथे निवड होण्यासाठी आधी हिरवळीवरील अन्य स्पर्धांत खेळून दाखवावे लागे; त्या स्पर्धा खासगी क्लब भरवीत, आणि ते क्लब तिला निमंत्रणच देत नसत. दार लावलेले नाही, पण दारापर्यंत जाणारी वाटच बंद, असा हा प्रकार होता.

ही वाट मोकळी करण्यास एक गोरी स्त्री पुढे आली. ॲलिस मार्बल ही अमेरिकेचे अजिंक्यपद चार वेळा आणि १९३९ साली विंबल्डन जिंकलेली खेळाडू. जुलै १९५० मध्ये तिने टेनिसच्या एका प्रमुख मासिकात खरमरीत लेख लिहिला आणि आपल्याच सहकाऱ्यांच्या दुटप्पीपणावर बोट ठेवले. अल्थिया श्रेष्ठ खेळाडू आहे असा तिचा दावा नव्हता; तिला खेळून पाहण्याची संधी मिळालीच पाहिजे, एवढेच तिचे म्हणणे होते. लेखाचा परिणाम झाला. निमंत्रणे आली आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अल्थियाने फॉरेस्ट हिल्सवर पाऊल ठेवले. त्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू.

दुसऱ्या फेरीत तिची गाठ लुईस ब्रो हिच्याशी पडली. लुईसने त्यापूर्वीची सलग तीन वर्षे विंबल्डन जिंकले होते. आपल्या गोव्याच्या मैदानांवर फुटबॉल आणि क्रिकेट यांचेच राज्य असल्यामुळे येथे थोडा खुलासा करतो. महिलांच्या सामन्यात तीनपैकी दोन डाव जिंकावयाचे असतात. डावाला ‘सेट’ म्हणतात. प्रत्येक सेट सहा गेमांचा; पण दोन गेमांची आघाडी मिळेपर्यंत, त्या काळी तरी, तो लांबतच जाई. पहिला सेट अल्थिया १-६ असा हरली, दुसरा तिने ६-३ असा जिंकला आणि तिसऱ्यात ती ७-६ अशी पुढे गेली. आणखी एकच गेम हवा होता. इतक्यात वादळी पाऊस कोसळला. विजेच्या तडाख्याने प्रेक्षागृहावरचा दगडी गरुड खाली आला आणि खेळ थांबला. रात्रभर तो एक गेम तिच्या मनात घोळत राहिला असेल. दुसऱ्या दिवशी लुईसने ओळीने तीन गेम जिंकून सामना घेतला.

या सामन्याने तिचे नाव झाले, पण नशीब उघडले नाही. पुढील पाच वर्षे तिचा खेळ आशेप्रमाणे फुलला नाही. त्या काळी मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत. बक्षिसाची रक्कम घेणारा धंदेवाईक ठरे आणि स्पर्धांतून बाद होई. श्रीमंतांच्या मुलांना हा नियम जाचत नसे. कापूस पिकविणाऱ्याच्या मुलीने मात्र खावे काय? पदवीनंतर अल्थिया मिसूरी राज्यातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवू लागली. खेळ सोडून सैन्याच्या महिला दलात जावे, असा विचारही तिने केला होता.

अशा वेळी १९५५ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तिला आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर पाठविले. वर्णद्वेषामुळे जगात आपली नाचक्की होत आहे हे सरकारला कळत होते आणि एक कृष्णवर्णीय खेळाडू पुढे करणे त्याला सोयीचे होते. ज्या देशात अनेक ठिकाणी तिला गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नव्हते, त्या देशाची प्रतिनिधी म्हणून ती ब्रह्मदेश, भारत, पाकिस्तान व सिलोन या देशांत खेळली. या विसंगतीवर ती रुसून बसली नाही. मिळालेली संधी तिने पुरेपूर वापरली. याच काळात, आपल्या भारतात, तिची इंग्लंडच्या अँजेला बक्स्टन हिच्याशी मैत्री जुळली. अँजेला गोरी असली तरी ज्यू होती, आणि त्यामुळे इंग्लंडमधील क्लबांची बंद दारे तिनेही पाहिली होती. दोघी जोडीने खेळू लागल्या. १९५६ साली अल्थियाने फ्रान्सचे एकेरीचे अजिंक्यपद जिंकले. असे मोठे अजिंक्यपद जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन. फ्रान्स आणि विंबल्डन या दोन्ही ठिकाणी दुहेरीचे विजेतेपद अल्थिया व अँजेला यांनी पटकावले.

६ जुलै १९५७ या दिवशी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात अल्थियाने आपल्याच देशाच्या डार्लीन हार्डला ६-३, ६-२ असे हरविले. १८७७ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेची ती पहिली कृष्णवर्णीय विजेती. राणी एलिझाबेथ यांनी स्वहस्ते तिला पारितोषिक दिले. न्यूयॉर्कमध्ये तिची भव्य मिरवणूक निघाली आणि उंच इमारतींतून कागदी फितींचा वर्षाव झाला. पण त्याच महिन्यात शिकागोजवळ एका स्पर्धेसाठी ती गेली, तेव्हा तेथील हॉटेलात तिला खोली मिळाली नाही. राणीच्या हातून पारितोषिक घेतलेल्या स्त्रीला रात्रीच्या निवाऱ्यासाठी अन्यत्र जावे लागले.

त्याच वर्षी फॉरेस्ट हिल्सच्या अंतिम सामन्यात तिने लुईस ब्रो हिलाच हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. सात वर्षांपूर्वीच्या त्या एका गेमची भरपाई झाली. १९५८ साली दोन्ही अजिंक्यपदे तिने पुन्हा जिंकली. एकेरीची पाच, दुहेरीची पाच आणि मिश्र दुहेरीचे एक, अशी एकंदर अकरा मोठी अजिंक्यपदे तिच्या नावावर आहेत.

आणि याच शिखरावर असताना तिने हौशी टेनिस सोडले. कारण साधे होते : करंडकांनी घरभाडे भागत नव्हते. १९५९ साली धंदेवाईक खेळाडू म्हणून तिने करार केला, तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्यांपूर्वी प्रदर्शनीय टेनिस खेळण्याचा. महिलांसाठी धंदेवाईक स्पर्धांची मालिका तेव्हा अस्तित्वातच नव्हती. क्लीव्हलंड येथे धंदेवाईकांचे अजिंक्यपद तिने जिंकले, तेव्हा बक्षीस मिळाले अवघे ५०० डॉलर. गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढून पाहिली. एका चित्रपटातही काम केले. तेथे गुलाम स्त्रीच्या तोंडी घातलेली अडाणी, हास्यास्पद बोली बोलण्यास तिने साफ नकार दिला आणि संवाद बदलून घेतले. १९६४ साली, पस्तिशी उलटल्यावर, ती गोल्फकडे वळली आणि महिलांच्या धंदेवाईक गोल्फ स्पर्धांत उतरणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. तेथेही काही क्लबांनी तिला आत घेतले नाही. तिला आपल्या मोटारीत बसून कपडे बदलावे लागले. एकच दार माणसाने आयुष्यात किती वेळा ठोठवावे? १९६८ साली टेनिसच्या मोठ्या स्पर्धा धंदेवाईकांना खुल्या झाल्या, बक्षिसांच्या रकमा वाढू लागल्या. पण तोवर तिने चाळिशी ओलांडली होती.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. मेंदूच्या विकाराने तिला ग्रासले आणि औषधपाण्यात होते नव्हते ते संपले. १९९५ च्या सुमारास, निराशेच्या भरात, तिने अँजेला बक्स्टनला दूरध्वनी केला. भारतात जुळलेल्या त्या मैत्रीला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. अँजेलाने स्वतः पैसे पाठविले आणि टेनिसच्या एका नियतकालिकातून मदतीचे आवाहन केले. देशोदेशींच्या टेनिसप्रेमींकडून पत्रे आणि देणग्या येऊ लागल्या. हार्लेमच्या शेजाऱ्यांनी जे वर्गणीने आरंभिले, ते जगभरच्या अपरिचितांच्या वर्गणीने तडीस गेले. अल्थियाने नंतरच्या खेळाडूंचे यशही पाहिले : १९९९ साली सेरेना विल्यम्सने अमेरिकेचे आणि २००० साली तिची बहीण व्हीनसने विंबल्डनचे अजिंक्यपद मिळविले. २८ सप्टेंबर २००३ रोजी न्यूजर्सी राज्यातील ईस्ट ऑरेंज येथे तिचे निधन झाले. २०१९ साली न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय टेनिस केंद्रात तिचा पुतळा उभारण्यात आला आणि २०२५ साली अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिची प्रतिमा झळकली. जिच्या हाती नाणे कधी टिकले नाही, तिचे चित्र नाण्यावर यावे, हा दैवाचा विचित्र न्याय म्हणावयाचा.

विद्यार्थिमित्रांनो, अल्थियाची जिद्द घेण्यासारखी आहे हे आम्ही वेगळे सांगावयास नको. परंतु तुमच्यापैकी फार थोडे विंबल्डन जिंकतील. एखाद्या होतकरू मुलीसाठी वर्गणी देणे, शाळा सुटलेल्याला पुन्हा बाकावर आणून बसविणे, आपल्याच लोकांचा अन्याय दिसल्यावर चार ओळी लिहिण्याचे धैर्य दाखविणे, पडत्या काळात जुन्या मैत्रिणीला न विसरणे, हे मात्र तुम्हांपैकी प्रत्येकाला साधण्यासारखे आहे. आपल्या वर्गात, आपल्या वाड्यावर अशी एखादी अल्थिया असेल. तिच्याकडे लक्ष असू द्या.