कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७, पुणे – ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. १९८२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

बालपण व शिक्षण

त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागा शाळेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन पदवी संपादन केली. १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पदव्युत्तर अभ्यासात पतीचे त्यांना साहाय्य लाभले.

गुणसूत्रांचा अभ्यास

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्‌सी. पदवी मिळविली. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची पेशी-आनुवंशिकी हा त्यांचा विशेष विषय होता. वऱ्हाडातील डोंगरउतारांपासून पुण्याच्या परिसरापर्यंत सर्वत्र आढळणारे सीताफळ आणि त्याच कुळातील रामफळ या दोहोंच्या पेशींत प्रत्येकी १४ गुणसूत्रे असतात.

गुणसूत्रे स्पष्ट दिसतात ती पेशी विभागत असतानाच. म्हणून या अभ्यासासाठी मुळांची वाढती टोके किंवा कोवळ्या कळ्या घेतात. त्या काळी हे नमुने रसायनात बुडवून पेशी आहेत त्या अवस्थेत स्थिर केल्या जात. नंतर अल्कोहोलने त्यांतील पाणी काढून ते मेणात बसवीत, त्यांचे अतिशय पातळ छेद घेत आणि रंगद्रव्याने अभिरंजन करून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपाशीत. छेद जाड राहिला किंवा रंग अधिक चढला, तर गुणसूत्रे एकमेकांत मिसळलेली दिसत आणि मोजणी चुके.

मुंबई व बाल्टिमोर

विवाहानंतर त्या मुंबईला आल्या व टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. पुढे रॉकफेलर अधिछात्रवृत्तीवर त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तेथील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. शरीराबाहेर अखंड वाढत राहणारी ‘हेला’ ही पहिली मानवी पेशीमालिका गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये तयार झाली होती.

ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा

स्वदेशी परतल्यावर त्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजू झाल्या. मुळाच्या टोकाशी विभागणाऱ्या पेशी आयत्या मिळतात. माणसाच्या किंवा प्राण्याच्या बहुतेक ऊतींबाबत तसे होत नाही. त्या पेशी काचपात्रात पोषक द्रावणावर जंतुविरहित स्थितीत वाढवाव्या लागतात. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असल्याचे १९५६ मध्ये निश्चित झाले, तेही अशा वाढविलेल्या पेशींवरूनच. कॉल्चिसिनने विभाजन थांबविणे, सौम्य क्षारद्रावणात पेशी फुगविणे, मेथॅनॉल व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात त्या स्थिर करणे आणि त्यांचे थेंब काचपट्टीवर सोडणे, ही पद्धत पुढे रूढ झाली. १९७०च्या सुमारास ट्रिप्सिन व गिम्सा रंगाच्या साहाय्याने प्रत्येक गुणसूत्रावरील पट्टे ओळखता येऊ लागले. या साऱ्याचा पाया ऊतिसंवर्धन हाच आहे.

भारतात त्या काळी अशा कामाची घडी बसलेली नव्हती. १९६०च्या दशकाच्या आरंभी रणदिवे यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्राच्या तरुण सहकाऱ्यांना हाताशी धरून पोषक माध्यमे आणि त्यांस लागणारी अभिक्रियाद्रव्ये येथेच तयार केली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे प्रभारी संचालकपद सांभाळले. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिरक्षाशास्त्र यांचे नवे विभाग त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी त्यांनी उंदरांचा उपयोग केला. आनुवंशिकता, संप्रेरके आणि अर्बुदकारक विषाणू यांचा कर्करोगाच्या संभाव्यतेशी असलेला संबंध त्यांनी अभ्यासला. रक्ताचा व अन्ननलिकेचा कर्करोग यांवरही त्यांनी संशोधन केले.

कुष्ठरोग संशोधन

अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन यांसारख्या संस्था ज्या रोगाच्या रुग्णांसाठी उभ्या राहिल्या, त्या कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. लस तयार करण्यातील ही मोठी अडचण होती. रणदिवे, खानोलकर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून मिळविलेला एक जंतू संवर्धित केल्याचे प्रसिद्ध केले. पुढील अभ्यासात हा जंतू मूळ कुष्ठजंतूहून वेगळ्या गटातील असावा असे दिसून आले. तरीही त्याच्यापासून याच संस्थेत कुष्ठरोगविरोधी लस विकसित करण्यात आली. तो आयसीआरसी जंतू या नावाने ओळखला जातो. या संशोधनासाठी रणदिवे यांना १९६४ मध्ये वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले.

सामाजिक कार्य

विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांना संघटित व्यासपीठ मिळावे म्हणून १९७३ मध्ये सहकाऱ्यांसमवेत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतर त्यांचे लक्ष ग्रामीण आरोग्याकडे वळले. १९८९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीच्या नोंदी त्यांनी संकलित केल्या, तसेच खेड्यांतील स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम केले.

सन्मान व स्मृती

पद्मभूषण व वाटुमल पारितोषिक यांखेरीज १९६४ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनासाठी रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांची मानद वैद्यकीय शास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती केली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांच्या १०४व्या जयंतीनिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकासह त्यांचे चित्र प्रसिद्ध केले.