गाडग्यावरून पडलेले नाव

नांदगाव पेठेहून अमरावतीत शिरताना गाडगेनगर लागते. संत गाडगेबाबांची समाधी इथलीच. पण गाडगे हे बाबांचे आडनाव नव्हे. 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगावच्या परीट कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे नाव होते डेबूजी झिंगराजी जानोरकर.

वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूजीला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या शेतात राबत डेबूजी मोठे झाले. व्यसन एकाला लागते आणि भोगते सगळे घर, हे त्यांनी फार लवकर पाहिले. म्हणूनच मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडली आणि गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, डेबूजी बधले नाहीत.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. भाकर त्यातच घ्यायची, पाणीही त्यातच प्यायचे. लोकांनी मग दिसले तेच नाव दिले. कुणी गोधडेबुवा म्हणाले, कुणी गाडगेबुवा. गाडग्याचे नाव टिकले.

'कर' लागलेले आडनाव मूळ गाव सांगते. गाडगे मात्र कोणत्याच गावाचे नाही, जातीचेही नाही. ते गरिबाच्या घरचे भांडे.

गावात शिरले की बाबा आधी रस्ते आणि गटारे साफ करीत; रात्री कीर्तनातून दारू, कर्ज, नवसाचे बोकड आणि शिवाशीव यांवर बोलत. पटकी आणि हगवण घाणीने दूषित झालेल्या पाण्यातून व अन्नातून पसरतात. डॉक्टर आणि औषधे खेड्यात पोहोचत नव्हती, त्या काळात खराटा हेच गावाच्या हाती असलेले औषध होते.

लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी झोपडीही ठेवली नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, वाहनातच त्यांनी प्राण सोडला.

आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. जानोरकर कोण, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसेल. परक्या शहरात डोके टेकायला जागा मिळते, ती गाडगे या नावाने.