मोखाच्या बाजारातून नगरच्या दौलतीत

अहमदनगरच्या निजामशाहीचा विषय निघाला की चांदबिबीचे नाव आधी येते, मलिक अंबरचे नंतर. त्यातही मलिक अंबरची ओळख बहुधा गनिमी काव्याचा आद्य प्रयोगकर्ता एवढ्यावरच संपते. वस्तुतः १६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर जी दौलत संपल्यातच जमा होती, ती या माणसाने आणखी पाव शतक चालवली. एवढी वर्षे केवळ घोडदळाच्या बळावर राज्य चालत नसते. फौजेला पगार लागतो, पगाराला महसूल लागतो आणि महसुलाला शेतावर टिकून राहणारी रयत लागते. हे गणित त्याला उमगले होते, आणि ते उमगलेला हा माणूस तारुण्यात स्वतःच बाजारात विकला गेलेला होता.

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगतात. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली, पुढे तो बगदादला पोहोचला. १६१७ साली त्याच्या छावणीत येऊन गेलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने या विक्रीची किंमतही नोंदवून ठेवली आहे. बगदादच्या मीर कासीम नावाच्या मालकाने त्याला शिक्षण दिले, मुसलमान केले आणि अंबर हे नाव दिले. मोखा आणि बगदाद ही दोन्ही शहरे तेव्हा उस्मानी तुर्कांच्या अमलाखाली होती आणि हिंदी महासागरावरचा अरब व्यापार भरात होता. हबसाणातून माणसे आणि हस्तिदंत बाहेर जाई आणि मोबदल्यात हिंदुस्थानचे सुती कापड तिकडे जाई. ज्या मुलाने पुढे दख्खनवर सत्ता गाजवली, त्याच्यासारख्यांची किंमत हिंदी विणकरांच्या कापडातही चुकती होत होती, हा योगायोग लहान नाही.

गुलाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील कापसाचे मळे उभे राहतात. अरब जगातील लष्करी गुलामगिरी ही निराळीच संस्था होती. सुलतानाला आपल्याच सरदारांची, त्यांच्या भाऊबंदांची आणि टोळ्यांची भीती वाटे. म्हणून तो परमुलखातून मुले विकत आणी, त्यांना शस्त्र आणि शास्त्र शिकवी आणि त्यांच्याच हाती फौज सोपवी. नातेगोते नसलेला माणूस धन्याशिवाय कोणाचा असणार, असा त्यामागचा हिशेब. इजिप्तमध्ये तो उलटला. १२५० साली या मामलुक गुलामांनीच गादी बळकावली आणि १५१७ पर्यंत ती सोडली नाही. विकत घेतलेली माणसे तेथे चक्क सत्ताधारी वर्ग बनली. जमिनीचा वसूल त्यांच्यात वाटला जाई, आणि त्या वसुलावर ते पुन्हा नवे गुलाम विकत घेत.

दख्खनच्या सुलतानांनी हीच रीत उचलली. इराण-तुराणातून आलेले आफाकी आणि स्थानिक दख्खनी यांच्या चढाओढीत हबशी पथके हा त्यांचा आधार होता. अंबरला दख्खनेत विकत घेतले ते मूर्तझा निजामशहाचा पेशवा चंगीझखान याने. तो स्वतः हबशी, आणि त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते. राज्याचा कारभार जवळून पाहण्याची संधी अंबरला या घरात मिळाली. १५७४ साली वऱ्हाड निजामशाहीस जोडले गेले आणि त्यानंतर लवकरच चंगीझखानाचा अंत झाला. त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. पुढची सुमारे वीस वर्षे तो कधी गोवळकोंड्यास, कधी विजापुरास भाडोत्री शिपायांचा नायक म्हणून राहिला. मलिक हा किताब त्याला विजापुरात मिळाला असे मानतात. पण तेथे पथक पोसण्याइतका पैसा मिळेना, म्हणून तो नगरला परतला. तेव्हा, १५९५ साली, मोगल नगरच्या वेशीवर येऊन ठेपले होते.

किल्ला पडल्यावर त्याने राजघराण्यातील एका तरुणास परांड्यात मूर्तझा दुसरा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. राजू दख्खनी या प्रतिस्पर्ध्याचा काटा काढायला आणखी काही वर्षे गेली. दौलत अंबरच्या मुठीत आली, तरी इजिप्तच्या मामलुकांनी केले ते त्याने कधी केले नाही. निजामशाही वंशाची सावली त्याला हवी होती, कारण जुने सरदार आणि देशमुख गादीला मुजरा करत, हबशी पेशव्याला नव्हे. ही उणीव किती बोचरी होती हे डच व्यापाऱ्याच्या वृत्तांतातून दिसते. सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि १६१० साली सुलतान व बेगम दोघांनाही विष देण्यात आले, असे त्यात म्हटले आहे. त्यानंतर बुऱ्हाण नावाचा लहान मुलगा तख्तावर आला.

याच वर्षी अंबरने नगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला. पण त्याचे खरे काम या लढायांच्या आड चालले होते. सततच्या स्वाऱ्यांनी गावे ओस पडली होती आणि वसूल मक्त्याने दिला जात होता. सर्वाधिक बोली लावणारा सरकारला रक्कम देई आणि मग गावाला पिळून ती नफ्यासकट वसूल करी. सरकारला पैसा आधी मिळे, सावकाराला व्याज मिळे, कुणबी मात्र गाव सोडून जाई. अंबरने ही मक्तेदारी मोडली. जमिनीची पाहणी करून प्रतवारी लावली, प्रत्यक्ष पिकाच्या प्रमाणात वाटा ठरवला आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर त्याचे रोख रकमेत रूपांतर केले. परंपरेनुसार हा वाटा धान्यात दोन पंचमांश होता आणि रोखीत सुमारे एक तृतीयांश. ही रक्कम कायमची बांधलेली नव्हती, लागवडीप्रमाणे ती दरसाल ठरे. वसुलाचे काम ब्राह्मण कारकुनांकडे आणि देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांकडे होती. पाटील-कुलकर्ण्यांची मोडकळीस आलेली गावव्यवस्था त्याने पुन्हा उभी केली आणि जमिनीवरचा मिरासी हक्क मान्य केला.

याला रयतेचे राज्य म्हणण्याची घाई करू नये. पिकाचा तिसरा हिस्सा थोडा नव्हे, आणि तो गोळा होत होता फौजेसाठीच. पण वसुलाच्या आशेने कर्ज देणारा भांडवलदार कुणबी आणि खजिना यांच्यामधून निघाला, ही गोष्ट खरी. तिचे मोल कळण्यासाठी त्याच काळातील अरब प्रांतांकडे पाहावे. तेथे इल्तिजाम नावाची हीच मक्त्याची पद्धत सतराव्या शतकात फोफावत गेली. इजिप्तमध्ये १८११ साली मामलुकांची कत्तल करून महंमद अलीने १८१४ साली ती रद्द केली, आणि त्यालाही जमीन मोजावीच लागली. अर्थात, गावातून निघालेला पैसा मोठ्या फौजेत ओतण्यात दोघेही सारखेच.

ती फौज केवळ हबशांची नव्हती. समकालीन वर्णनांत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असे आकडे येतात. दख्खनींत मराठे होते, आणि भोसले व जाधव ही घराणी याच धामधुमीत मोठी झाली. १६१० मध्ये अंबरने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथील मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हे मोहल्ले भोसले घराण्यातील मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी यांच्या नावांनी ओळखले गेले. डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी याच शहराची.

जहांगीर बादशहाला हा माणूस इतका सलत होता की दरबारी चित्रकार अबुल हसनने अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडणाऱ्या बादशहाचे चित्र काढले. प्रत्यक्षात जहांगीर अंबरसमोर कधीच उभा राहिला नाही. अंबरची हारही झाली. १६१६ मध्ये रोशनगावला पराभव झाला व खडकी जळाली, १६१७ मध्ये नगरचा किल्ला शहजादा खुर्रमला द्यावा लागला. १६२१ मध्ये लखुजी जाधव मोगलांना मिळाले. तरी १६२४ साली, नगरपासून जवळच मेहेकरी नदीकाठी, भातवडीला त्याने मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा धुव्वा उडवला. तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. अंबरच्या बाजूने लढताना शहाजीराजांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

अंबर १६२६ साली, सुमारे ७८ वर्षांचा असताना वारला. शेवगाव तालुक्यातील अमरापूर हे त्याच्या मृत्यूचे ठिकाण म्हणून सांगितले जाते. कबर खुलताबादला आहे, पत्नी बीबी करीमाची जवळच. एक गोष्ट त्याच्या चरित्रकारांनाही अवघड जाते. ज्या व्यापाराने त्याला घरापासून तोडले, त्याच व्यापारातून आलेले हबशी तरुण तो शेवटपर्यंत आपल्या फौजेत भरती करत राहिला. त्याच्या सत्तेचा कणाच तो होता.

त्याचा मुलगा फत्तेखान याने बुऱ्हाण निजामशहाला मारले आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. शहाजीराजांनी एका बालराजाला पुढे करून अंबरचाच डाव पुन्हा मांडला, तोही १६३६ मध्ये संपला. दरम्यान १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने दख्खन उजाड झाली होती. पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जमाबंदी बसवली तेव्हा त्यांच्यापुढे मलिक अंबरी पद्धतच होती, असे ग्रँट डफ नोंदवतो. इकडे मोगली मुलखात, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, १६५० च्या दशकात त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान जमीन मोजायला निघाला, तेव्हा पळालेली कुळे परत बोलवण्यासाठी त्याला आधी बैल आणि बियाण्यांसाठी तगाई वाटावी लागली.