मेरी बेथ्यून : शाळा आणि मतपेटी

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्यानंतर दोन वर्षांनी, १० जुलै १८७५ रोजी, दक्षिण कॅरोलायना राज्यात पूर्वी गुलाम असलेल्या एका दांपत्याच्या पोटी मेरीचा जन्म झाला. सतरा भावंडांत ती पंधरावी. लहानपणी एका गोऱ्या मुलीने तिच्या हातातले पुस्तक काढून घेतले व काळ्यांना वाचता येत नसते असे सुनावले. हा प्रसंग बेथ्यूनबाई जन्मभर सांगत असत. पुढे मिशनची शाळा निघाली. मेरी रोज कित्येक मैल चालत जाई आणि घरी येऊन शिकलेले इतरांना सांगे.

आफ्रिकेत मिशनरी म्हणून जाण्याची तिची इच्छा होती. कृष्णवर्णीयांना तेथे जागा नाही, असे उत्तर मिळाले. मग ३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लॉरिडातील डेटोना येथे बाईंनी मुलींची शाळा काढली. जवळ दीड डॉलर आणि विद्यार्थिनी पाच! खोक्यांची बाके, कोळशाच्या पेन्सिली, फळांच्या रसाची शाई. रताळ्याच्या गोड पोळ्या विकून पैसा उभा केला, गावाचा कचरा टाकण्याची जागा विकत घेतली. चंद्यासाठी दारोदार फिरणाऱ्या आपल्या मंडळींना हे चित्र ओळखीचे वाटेल. १९२३ साली जॅक्सनव्हिल येथील मुलग्यांची संस्था तिच्यात विलीन झाली व पुढे तिचे कॉलेज झाले.

१९२० साली अमेरिकन स्त्रियांना मताधिकार मिळाला. दक्षिणेत मात्र मतदारकर आणि वाचनपरीक्षा आडव्या येत. बाईंनी कराचे पैसे जमवले, प्रौढांना वाचायला शिकवले. एका निवडणुकीच्या आदल्या रात्री बुरखाधारी क्लू क्लक्स क्लॅनचे लोक शाळेवर चालून आले. बाई दिवे लावून उभ्या राहिल्या, मुली भजने गाऊ लागल्या. जमाव परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी मतदान केले.

मत कोणाला? लिंकन रिपब्लिकन होते, म्हणून कृष्णवर्णीय बहुतेक त्याच पक्षाचे. दक्षिणेतील डेमोक्रॅटिक पक्ष गोऱ्यांच्या वर्चस्वाचा. बाईंचा ओढाही रिपब्लिकनांकडे होता. कूलिज व हूव्हर या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना बालकल्याणाच्या परिषदांना बोलावले होते. मंदीच्या काळात रूझवेल्ट यांनी रोजगाराच्या योजना काढल्या. १९३२ साली हूव्हरमागे राहिलेले कृष्णवर्णीय मतदार १९३६ साली बहुसंख्येने रूझवेल्टकडे गेले. त्याच सुमारास बाई सरकारच्या युवक प्रशासनात आल्या आणि हजारो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मदत मिळवून दिली. सरकारी नोकरीतील कृष्णवर्णीय सल्लागार त्यांच्या घरी जमत.

तरीही दक्षिणेतील स्वपक्षीय सभासद दुखावतील म्हणून रूझवेल्ट यांनी झुंडबळीविरोधी कायद्याचा आग्रह धरला नाही. ही त्यांची मोठी उणीव होती, असे आम्हांस वाटते. १९४८ साली डेमोक्रॅटिक अधिवेशनाने नागरी हक्कांचा ठराव केला, तेव्हा दक्षिणेतील काही प्रतिनिधी उठून गेले.

१९५४ साली सुप्रीम कोर्टाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. १८ मे १९५५ रोजी बाई निवर्तल्या. १९६४ चा नागरी हक्क कायदा डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी रिपब्लिकन मतांच्या साहाय्याने संमत करून घेतला. विरोध मुख्यतः दक्षिणेतील डेमोक्रॅटांचा. पण त्याच वर्षी रिपब्लिकनांचे उमेदवार गोल्डवॉटर यांनी त्याविरुद्ध मत दिलेले होते. त्यानंतर दक्षिणेतील गोरे मतदार हळूहळू लिंकनच्या पक्षात गेले.

वॉशिंग्टनच्या संसदभवनात फ्लॉरिडातर्फे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता. २०२२ साली त्याच्या जागी बेथ्यूनबाईंचा पुतळा बसवण्यात आला.