नेपियर टाउनचे आचार्य : रजनीश यांचा जीवनप्रवास

जबलपूर शहराच्या नेपियर टाउन भागात भंवरताल नावाचे उद्यान आहे. तेथील एका बकुळीच्या झाडापाशी देशविदेशांतून लोक येतात आणि काही वेळ डोळे मिटून बसतात. २१ मार्च १९५३ च्या रात्री याच उद्यानात, याच झाडाखाली आपल्याला ज्ञानप्राप्ती झाली, असे चंद्रमोहन जैन यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्या वेळी ते एकवीस वर्षांचे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. जगाने त्यांना आधी आचार्य रजनीश, नंतर भगवान श्री रजनीश आणि अखेर ओशो या नावाने ओळखले.

त्या रात्रीचा दुसरा साक्षीदार नाही. योग आणि ध्यान शिकवणाऱ्याचा खरेपणा पारखू पाहणाऱ्याची पहिली अडचण हीच असते. वैद्याची परीक्षा रोग्याच्या प्रकृतीवरून करता येते, गवयाची त्याच्या सुरांवरून. परंतु अंतरीच्या अनुभवाची ग्वाही केवळ तो अनुभव सांगणाराच देतो. रजनीशांचे चरित्र या अडचणीच्या अंगाने वाचले, तर त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १९३१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील कुचवाडा या खेड्यात, आजोळी झाला. घराणे तारणपंथी दिगंबर जैन, व्यवसाय कापडाचा. सातव्या वर्षापर्यंत ते आजी-आजोबांपाशी वाढले. आजोबांच्या मृत्यूनंतर ते आईवडिलांकडे गाडरवारा येथे आले. वादविवादाची आवड त्यांना शाळकरी वयापासून होती. १९५१ मध्ये ते जबलपूरच्या हितकारिणी महाविद्यालयात दाखल झाले. पण एका प्राध्यापकाशी इतके खटके उडाले की त्यांना ते महाविद्यालय सोडावे लागले. डी. एन. जैन महाविद्यालयातून १९५५ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि १९५७ मध्ये सागर विद्यापीठातून ते एम. ए. झाले. रायपूरच्या संस्कृत महाविद्यालयात अल्पकाळ नोकरी केल्यानंतर १९५८ पासून त्यांनी जबलपूर येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले.

नेपियर टाउनमधील योगेश भवन हा त्यांचा त्या काळचा पत्ता. या वास्तव्यात त्यांनी लिहिलेली पत्रे आजही वाचनीय आहेत. चंद्रपूरच्या मदनकुंवर पारख यांना त्यांनी लिहिलेली पत्रे ‘क्रांतिबीज’ या नावाने प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राशी त्यांचा आलेला हा अगदी आरंभीचा संबंध होय. लहानशा पत्रांत एखादे निसर्गदृश्य, एखादी भेट, त्यातून सुचलेला विचार, असे त्यांचे रूप आहे. त्यांत आज्ञा नाही आणि शरणागतीची अपेक्षाही नाही. गुरूच्या मध्यस्थीवाचून सत्याचा शोध घ्यावा, शास्त्राला प्रमाण मानू नये, असेच ते त्या काळी सांगत.

१९६० च्या दशकात ते रेल्वेने देशभर फिरले. तीन ते दहा दिवसांची ध्यानशिबिरे सुरू झाली. १९६४ मध्ये राजस्थानातील मुछाळा महावीर येथे झालेल्या शिबिरातील प्रवचने ‘साधना पथ’ या पुस्तकात आली. त्यांच्याभोवती जीवन जागृती केंद्रे उभी राहिली. गांधीजींवर, समाजवादावर, रूढ धर्मावर त्यांनी कठोर टीका केली. १९६६ मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले. १९६८ मध्ये मुंबईत कामवासनेवर दिलेल्या व्याख्यानांनी मोठे वादळ उठले. मात्र त्यांचे श्रोते स्वतंत्र होते. ते ऐकत, भांडत, प्रश्न विचारत आणि आपापल्या घरी परतत. कोणाचे घर, पैसा किंवा नाव त्यांच्या स्वाधीन झालेले नव्हते. आमच्या मते शिक्षक म्हणून त्यांचा सर्वांत निर्दोष काळ हाच.

१९७० मध्ये चित्र पालटले. त्या वर्षी त्यांनी सक्रिय ध्यानाची पद्धत मांडली. पुढे रूढ झालेल्या रूपात तिचे पाच टप्पे होतात आणि तिला एक तास लागतो: आधी वेगवान, अनियमित श्वसन, मग रडणे, ओरडणे, हसणे, नंतर हात उंचावून उड्या, त्यानंतर निश्चल शांतता आणि अखेर नृत्य. आजच्या माणसाच्या मनात इतके दडपलेले असते की त्याला एकदम आसनावर बसवून ध्यान साधणार नाही, आधी निचरा व्हावा लागतो, हा त्यामागील युक्तिवाद होता. तो सहज फेटाळण्याजोगा नाही. १९७३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी मुंबईत पतंजलीच्या योगसूत्रांवर प्रवचनमाला सुरू केली. ती पुढे दहा खंडांत प्रसिद्ध झाली.

त्याच १९७० साली जबलपूर सोडून ते मुंबईस आले आणि सप्टेंबरमध्ये मनाली येथे त्यांनी पहिल्या शिष्यांना संन्यासदीक्षा दिली. नवे नाव, भगवी वस्त्रे आणि गळ्यात गुरूचे चित्र असलेली माळ. गुरू नको म्हणणारा आचार्य गुरू झाला होता. पाठोपाठ ‘भगवान’ हे बिरुद आले. २१ मार्च १९७४ रोजी, भंवरतालच्या त्या रात्रीला बरोबर एकवीस वर्षे झाली त्या दिवशी, ते पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये राहावयास आले.

पुण्यात त्या काळी योगासाठी येणाऱ्या परदेशी जिज्ञासूंपुढे भिन्न वाटा होत्या. बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. तेथे प्रत्येक आसनाची शिस्त डोळ्यांनी पाहता येत असे. जवळच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी होत असे. कोरेगाव पार्कमध्ये मापन नव्हते. तेथे मागणी होती ती संपूर्ण समर्पणाची. काही थेरपी गटांत मारहाण होऊन लोक जखमी झाले आणि १९७९ च्या आरंभी ती बंद केल्याचे आश्रमाला जाहीर करावे लागले. आश्रमाबाहेरचे पुणेकर भगव्या वस्त्रांतील गोऱ्या संन्याशांकडे कुतूहलाने पाहत आणि नाकही मुरडत. पण आतल्या व्यवस्थेला प्रश्न विचारणारे आत फारसे कोणी उरले नव्हते.

१ जून १९८१ रोजी रजनीश अमेरिकेला गेले. ओरेगॉन राज्यात सुमारे ६४ हजार एकरांचे शेत विकत घेऊन शिष्यांनी रजनीशपुरम उभारले. ते स्वतः साडेतीन वर्षे जाहीर मौनात होते. रोज दुपारी ते मोटारीतून फेरी मारत आणि शिष्य दुतर्फा हात जोडून उभे राहत. त्यांच्यासाठी घेतलेल्या रोल्स रॉइस मोटारींची संख्या नव्वदीच्या पुढे गेली. सत्ता सचिव मा आनंद शीला यांच्या हाती एकवटली. १९८४ मध्ये द डॅलेस या गावी उपाहारगृहांतील सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळण्यात आले. ७५१ माणसे आजारी पडली. स्थानिक निवडणुकीच्या दिवशी मतदारांना घरी बसविण्याच्या कटाची ती रंगीत तालीम होती.

१९८५ च्या सप्टेंबरमध्ये शीला युरोपला निघून गेल्या. त्यानंतर रजनीशांनीच पत्रकार परिषद घेऊन विषप्रयोगासह अनेक गुन्ह्यांचे आरोप त्यांच्यावर केले. शीला यांनी १९८६ मध्ये गुन्हे कबूल केले आणि कारावास भोगला. रजनीशांवर विषप्रयोगाचा आरोप ठेवला गेला नाही. स्थलांतर कायद्याच्या प्रकरणात तडजोड होऊन त्यांनी ४ लाख डॉलर भरले आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिका सोडली. आपल्याला काही ठाऊक नव्हते, ही त्यांची भूमिका. ती खरी मानली, तरी एक प्रश्न राहतो. हजारो माणसांनी ज्यांच्या सर्वसाक्षी दृष्टीवर आयुष्य सोपवले, त्यांना आपल्याच घरातले दिसले नाही काय? ओरेगॉनमधील शिष्याला हा प्रश्न मोकळेपणे विचारता येत नव्हता. योगेश भवनात पत्रे येत त्या काळात तो सहज विचारला गेला असता.

अनेक देशांनी प्रवेश नाकारल्यानंतर जानेवारी १९८७ मध्ये ते पुण्यास परतले. संन्याशांनी भगवी वस्त्रे आणि माळ वापरण्याची सक्ती तोवर उठली होती. डिसेंबर १९८८ मध्ये त्यांनी ‘भगवान’ हे बिरुद टाकले आणि पुढच्या वर्षी ओशो हे नाव घेतले. १९ जानेवारी १९९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

कम्यूनमध्ये वाढलेली मुले आता प्रौढ आहेत. त्यांतील काहींनी बालपणी झालेल्या लैंगिक शोषणाविषयी उघडपणे सांगितले असून २०२४ मध्ये त्यावर माहितीपटही आला. त्या मुलांसाठी गुरूची निवड आईवडिलांनी केली होती. रजनीशांनी उत्तराधिकारी नेमला नाही. कारभार एकवीस जणांच्या मंडळाकडे सोपवला. २०१३ मध्ये त्यांच्या नावाचे एक मृत्युपत्र युरोपातील न्यायालयापुढे आले. त्यावरील सही बनावट असल्याची तक्रार त्यांच्याच काही शिष्यांनी पुण्यात दाखल केली.